पिक्चर पाहून झाल्यावर

२४ जून २०२५ ला ‘पंचायत’चा चौथा सीझन आला आणि जबलपूरच्या आमच्या ओळखीच्या मराठी घरांमध्ये पुढचे कित्येक दिवस एकच वाद रंगला. मंजूदेवी हरायला हव्या होत्या की नाही?

मालिका न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. उत्तर प्रदेशातलं फुलेरा नावाचं काल्पनिक गाव. प्रधानपद बाईसाठी राखीव, म्हणून मंजूदेवी प्रधान. कारभार मात्र त्यांचे यजमान ब्रजभूषण दुबे पाहतात, आणि गाव ‘प्रधानजी’ म्हणतं तेही त्यांनाच. चौथा सीझन म्हणजे सगळी निवडणूकच. मंजूदेवींची निशाणी दुधी भोपळा, समोरच्या क्रांतीदेवींची प्रेशर कुकर. मतमोजणी होते आणि कुकर जिंकतो.

आमच्या शेजारच्या काकूंना हा निकाल अजिबात मानवला नाही. तीन सीझन ज्या माणसांना जीव लावला त्यांना असं पाडायचं असेल तर आम्ही पाहावं कशाला, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या सूनबाईंचं मत अगदी उलट. गावात रस्ता अर्धवट, घरकुलाच्या यादीवरून भांडणं, प्रधानजींचा कारभार चार मित्रांपुरता; मग लोकांनी दुसऱ्याला मत दिलं तर त्यात अन्याय कुठला? मी सूनबाईंच्या बाजूची. प्रधानजींचा चिवट, थोडा हट्टी, थोडा भित्रा स्वभाव आपल्याला इतका आवडतो की ते बायकोच्या खुर्चीवर बसले आहेत याचा विसर पडतो. पहिल्या सीझनच्या शेवटी २६ जानेवारीच्या झेंडावंदनासाठी मंजूदेवी राष्ट्रगीत पाठ करतात, तो प्रसंग आठवा. नीना गुप्तांनी तिथे जे केलं आहे ते मला अख्ख्या मालिकेतलं सर्वांत मोलाचं काम वाटतं. घरातली बाई पहिल्यांदा आपल्याच पदावर उभी राहते. त्यानंतर मालिकेने त्या बाईला पुष्कळ वेळा परत स्वयंपाकघरात नेऊन बसवलं, ही माझी तक्रार. हरल्याचं दुःख मला नाही. हरेपर्यंत ती पूर्णपणे प्रधान झालीच नाही, याचं आहे.

मध्य प्रदेशात राहणाऱ्यांना ही गोष्ट परकी वाटत नाही. ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर पंचायतीच्या निवडणुका सर्वांत आधी घेतल्या त्या याच राज्याने, १९९४ मध्ये. बायकांसाठी जागा राखून ठेवल्या गेल्या आणि त्याबरोबरच ‘सरपंचपती’ नावाचा माणूसही गावोगाव उभा राहिला. मालिकेचं गाव उत्तर प्रदेशातलं असलं तरी चित्रीकरण सिहोर जिल्ह्यातल्या महोडिया गावचं. भिंतींचा रंग, झाडं, धूळ, पंचायतीची इमारत, सगळं इथलंच. त्यावर आणखी एक आपुलकीचा धागा म्हणजे प्रधानजी झालेले रघुबीर यादव. ते जबलपूरचेच, रांझीचे. खमरियाच्या दारूगोळा कारखान्याच्या बाजूचा हा भाग. लहान वयात घरातून निघून ते पारशी थिएटरच्या कंपनीत गेले, पुढे राष्ट्रीय नाट्य विद्यालयात. १९८५ च्या ‘मॅसी साहब’ने त्यांना इफ्फीत अभिनयाचा रौप्य मयूर मिळवून दिला. दूरदर्शनवरच्या ‘मुंगेरीलाल के हसीन सपने’मुळे ते घराघरांत पोचले. त्यामुळे ‘पंचायत’वर बोलताना जबलपूरकर जरा हक्काने बोलतो. आपल्या गल्लीतल्या मुलाने नाटकात काम केल्यावर बोलावं, तसं.

हा हक्क मला महत्त्वाचा वाटतो. पाहिलेल्यावर मत सांगणं म्हणजे पाच पैकी तीन तारे देणं नव्हे. माणूस आपलं जगणं घेऊन त्या गोष्टीच्या समोर उभा राहतो, तेव्हा मत तयार होतं. काकूंना हरणं सहन झालं नाही, कारण त्या स्वतः चाळीस वर्षं एका संस्थेचा कारभार सांभाळून शेवटी निवडणुकीत पडल्या. हे त्यांनी बोलता बोलता सांगितलं, आणि मग त्यांचं मत मला वेगळंच ऐकू येऊ लागलं.

जबलपूरच्या मराठी माणसाचं पिक्चरशी असलेलं नातं समजून घ्यायचं तर त्याचं इथलं राहणं थोडं समजून घ्यावं लागतं. १८१७ पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा होता. पुढे मध्य प्रांतात नागपूर राजधानी, जबलपूर मोठं शहर. नोकरी, वकिली, शिक्षकी, रेल्वे, तोफगाडी कारखाना, अशा वाटांनी मराठी कुटुंबं येत राहिली. १ नोव्हेंबर १९५६ ला नवं मध्य प्रदेश राज्य झालं, उच्च न्यायालयाचं मुख्य पीठ जबलपूरला आलं आणि नागपूरहून आणखी काही घरं कागदपत्रांसकट इकडे आली. त्याच दिवशी विदर्भ मुंबई राज्यात गेला. एका कुटुंबातले दोन भाऊ दोन राज्यांत पडले. गोलबाजार, राइट टाऊन, नेपियर टाऊन या भागांत त्या पिढीची घरं अजून सापडतात. बोलणं नागपुरी वळणाचं, मध्येच बुंदेली शब्द, मुलांचं शिक्षण हिंदीत किंवा इंग्रजीत, घरी वरणभात आणि दिवाळीला चकली.

या माणसांना पिक्चर मिळाला तो हिंदीतून. शहरातल्या टॉकीजमध्ये मराठी चित्रपट लागणं ही क्वचितची बाब; पण हिंदी चित्रपटसृष्टीचं एक दार मात्र जबलपुरातच उघडत होतं. अभिनेते प्रेमनाथ यांचं घर इथलं. त्यांची बहीण कृष्णा मल्होत्रा हिचं १९४६ मध्ये रीवा इथे राज कपूरशी लग्न झालं. राजेंद्रनाथ आणि नरेंद्रनाथ हे धाकटे भाऊही पडद्यावर आले. प्रेमनाथ यांनी जबलपूरचं एम्पायर टॉकीज विकत घेतलं. ‘जॉनी मेरा नाम’, ‘बॉबी’, ‘कर्ज’मधला तो भारदस्त माणूस आपल्या शहरातल्या टॉकीजचा मालक आहे, ही गोष्ट जुन्या लोकांच्या बोलण्यात अजून पहिल्या पाच मिनिटांत येते. पुढे एम्पायर बंद पडलं, पडझड झाली.

भेडाघाटची तर बातच और. संगमरवरी खडकांमधून नर्मदा जिथे अरुंद होते, तिथे ‘जिस देश में गंगा बहती है’चं चित्रीकरण झालं, नंतर ‘अशोका’चं, अलीकडे ‘मोहेंजो दारो’तल्या मगरीच्या झुंजीचं. तिथे नाव चालवणारे नावाडी यमक जुळवत खडकांची ओळख करून देतात, आणि कुठल्या खडकाजवळ कोणतं गाणं झालं, कुठे कोण घाबरलं, हे त्यांच्या वर्णनात न चुकता असतं. मी ते लहानपणापासून ऐकत आले. ती माणसं पिक्चरवर बोलतात तेव्हा कथेचा विचार करत नाहीत. पाणी किती होतं, ऊन कुठून येत होतं, नटाला पोहता येत होतं का, यावर त्यांचा निकाल ठरलेला असतो. चित्रपट कसा पाहावा याचा एक धडा मला तिथे मिळाला. पडद्यावर दिसणारी जागा खरोखर कुठेतरी असते आणि तिथे राहणाऱ्याला तिच्याबद्दल आपल्यापेक्षा जास्त कळतं.

जया भादुरी यांचा जन्मही जबलपूरचा, ९ एप्रिल १९४८ चा. हे शहर त्यांचं नाव अभिमानाने घेतं. मला मात्र त्यांच्या ‘गुड्डी’बद्दल बोलायचं आहे. हृषीकेश मुखर्जींचा हा १९७१ चा चित्रपट पाहणाऱ्याविषयीचा आहे. शाळकरी कुसुम धर्मेंद्रच्या इतकी प्रेमात आहे की पडद्यावरचा माणूस आणि खरा माणूस तिला वेगळे करता येत नाहीत. उत्पल दत्तनी केलेले मामा तिला रागावत नाहीत, बंदीही घालत नाहीत. ते धर्मेंद्रचीच मदत घेतात आणि तिला चित्रीकरण दाखवतात. मार कोण खातं, उडी कोण मारतं, दिव्यांखाली किती माणसं राबतात, ते ती स्वतः पाहते. आवडत्या गोष्टीचं आतलं काम दाखवलं की प्रेम कमी होत नाही, शहाणं होतं. ‘गुड्डी’ मी अलीकडे पुन्हा पाहिला. पन्नास वर्षांनंतरही त्यातलं मामांचं धोरण मला आजच्या पालकांना सांगावंसं वाटतं. मुलांच्या हातातला फोन हिसकावण्यापेक्षा त्यांच्या शेजारी बसून ते पाहतात ते पाहावं, आणि मग विचारावं: तुला हे का आवडलं?

विचारण्याची हीच कला या शहरात एका माणसाने फार उंचीवर नेली. हरिशंकर परसाई आयुष्याचा मोठा काळ जबलपुरात राहिले, १९९५ मध्ये इथेच गेले. हिंदी व्यंगलेखनातलं हे सर्वांत मोठं नाव मराठी वाचकांनाही ठाऊक आहे. जबलपूर आणि रायपूरहून निघणाऱ्या ‘देशबंधु’ दैनिकात ते वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देत. ‘परसाई से पूछें’ हे त्या सदराचं नाव. सुरुवातीला येणारे प्रश्न हलकेफुलके, प्रेमाचे आणि फिल्मी असत. परसाईंनी ते झिडकारले नाहीत. उत्तरं देत देत त्यांनी वाचकांना हळूहळू समाज आणि राजकारण यांच्याकडे वळवलं, आणि मग तेच वाचक त्यांना जगभरातल्या घडामोडींबद्दल विचारू लागले. हे सदर वाचण्यासाठी लोक वर्तमानपत्राची वाट पाहत.

मला हा प्रवास फार मोलाचा वाटतो. नटीच्या लग्नाबद्दल विचारणारा माणूस हा उथळ माणूस नसतो. त्याला बोलायचं असतं आणि पिक्चर हा त्याला सापडलेला सर्वांत सोपा विषय असतो. त्याच्या प्रश्नाला नीट उत्तर मिळालं तर तो पुढचा प्रश्न विचारतो. १९६१ मध्ये इथे सुरू झालेली ‘विवेचना’ ही संस्थाही आधी विचारगोष्ठींसाठीच होती. नाटकांकडे ती १९७० च्या दशकात वळली. म्हणजे या शहरात आधी बोलणं आलं, मग रंगमंच. आमच्या मराठी मंडळींपैकी काही त्या गोष्ठींना, नाटकांना जात आले आहेत. आपण मात्र गणेशोत्सवातल्या एकांकिका आणि गाण्यांच्या कार्यक्रमांवर थांबलो, पाहिलेल्यावर बसून बोलण्याची जागा केली नाही, ही खंत मी इथे लिहून ठेवते.

मग दूरदर्शन आलं. जुलै १९८४ मध्ये ‘हम लोग’ सुरू झाली. मनोहर श्याम जोशींचं लेखन आणि प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार. खांडव्याचे दादामुनी म्हणजे आम्हा मध्य प्रदेशकरांचे घरचेच. भाग संपला की ते समोर येऊन पात्रांच्या वागण्याबद्दल बोलत आणि पाहणाऱ्यांना विचारत, तुम्हाला काय वाटतं? देशभरातून या मालिकेला चार लाखांहून जास्त पत्रं गेली. त्यातल्या बडकीने लग्न कोणाशी करावं, याचे सल्ले लोकांनी पानंच्या पानं भरून दिले. पुढे ‘सुरभि’ या कार्यक्रमाला तर एका आठवड्यात चौदा लाख पत्रं आली आणि टपाल खात्याला स्पर्धांसाठी दोन रुपयांचं वेगळं पोस्टकार्ड काढावं लागलं. सिद्धार्थ काक यांच्या शेजारी हसत उभी असलेली रेणुका शहाणे ही मराठी मुलगी आहे, हे आमच्या घरात पाहुण्यांना आवर्जून सांगितलं जाई.

त्या काळात टीव्ही असलेल्या घरात गल्ली गोळा व्हायची. ‘रामायण’च्या रविवारी रस्ते कसे ओस पडत, हे पुष्कळांनी लिहिलं आहे; मला त्यानंतरचा अर्धा तास आठवतो. लोक लगेच उठून जात नसत. सतरंजीवरच बसून बोलत. कैकेयीला इतकं दुष्ट दाखवायला हवं होतं का, यावर एका सरदार कुटुंबातल्या आजींनी आमच्या आजीशी घातलेला वाद मला अजून आठवतो, कारण दोघींना एकमेकींची भाषा अर्धीच येत होती आणि मुद्दा मात्र पूर्ण कळत होता.

रविवारी दुपारी प्रादेशिक भाषांमधले, बहुधा पुरस्कार मिळालेले चित्रपट लागत, खाली इंग्रजी उपशीर्षकं. मराठीची पाळी येई तेव्हा आमच्याकडे जेवणं लवकर उरकत. बंगाली शेजारी, सिंधी शेजारी येऊन बसत. आम्ही त्यांना मधूनमधून संवाद समजावत असू, आणि समजावता समजावता आम्हालाच तो चित्रपट जास्त कळे. दुसऱ्याला सांगावं लागलं की आपण नीट पाहतो.

१५ ऑगस्ट १९९९ ला अल्फा मराठी वाहिनी सुरू झाली, वर्षभरात ई टीव्ही मराठीही. केबलवाल्यामागे लागून लागून आम्ही त्या घेतल्या. ‘आभाळमाया’, ‘वादळवाट’, आणि तीन हजारांहून जास्त भाग चाललेली ‘चार दिवस सासूचे’! पहिल्यांदाच मराठी रोज संध्याकाळी घरात बोलू लागली. आजींच्या पिढीला याचं किती समाधान झालं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. जबलपुरात वाढलेल्या नातवंडांच्या कानावर पडणारं मराठी यामुळे वाढलं, याबद्दल या वाहिन्यांचे उपकार मानायला मला संकोच नाही. मालिकांची लांबण, खलनायिकांचे मेकअप, तीन वेळा दाखवलेला तोच चेहरा, या साऱ्यावर टीका करावी तितकी थोडी. पण महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरात त्या मालिकांनी केलेलं काम टीकाकारांच्या हिशेबात येत नाही.

त्याच वेळी दुसरं काहीतरी हातातून गेलं. मराठी लागलं की बंगाली शेजारी उठून आपल्या घरी गेले, त्यांच्याकडे बांगला वाहिनी होती. सिंधी शेजाऱ्यांनी हिंदी मालिका धरल्या. प्रत्येकाला आपापली भाषा मिळाली आणि गल्लीतली सतरंजी गुंडाळली गेली. फोन आल्यावर घरातही तेच झालं. आजी एका खोलीत ‘ठरलं तर मग’ पाहते, मुलगा कानात बोंडं घालून कोरियन मालिका, सून रात्री अकरानंतर तिला हवं ते. जेव्हा सगळे एकत्र पाहत होते तेव्हा मराठी नव्हतं. आता मराठी हवं तेवढं आहे, तर बरोबर पाहणारं कुणी नाही. जबलपूरच्या मराठी माणसाची पिक्चरची गोष्ट मला या दोन वाक्यांत दिसते, आणि तिच्यावर काही करता येईल अशी माझी खात्री आहे.

राइट टाऊनमधल्या एका घरी आम्ही आठ-दहा जणं जमतो. पद्धत साधी: सगळ्यांनी एकच गोष्ट पाहून यायची, कुठेही, कशावरही. चहा झाला की बोलायचं. ‘चांगला होता’, ‘बोअर झालं’ एवढ्यावर कुणाला सुटका नाही. कोणता प्रसंग, त्यात काय, ते सांगावं लागतं. मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून चित्रपटांवर गांभीर्याने बोलत आलं आहे, अरुण खोपकरांनी गुरुदत्तवर लिहिलेल्या पुस्तकाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ही मराठीतली मोठी परंपरा. आमच्यापाशी तेवढा अभ्यास नाही. निरनिराळ्या नोकऱ्या करून आलेली माणसं मात्र आहेत.

‘लापता लेडीज’वर आमच्याकडे रात्री दहापर्यंत चर्चा चालली. किरण राव यांचा हा चित्रपट १ मार्च २०२४ ला आला, चित्रीकरण पुन्हा सिहोरकडच्याच गावांतलं. २००१ सालची गोष्ट. घुंगट घेतलेल्या दोन नव्या नवऱ्या रेल्वेत अदलाबदल होतात. फलाटावर चहाभज्यांचा ठेला चालवणाऱ्या मंजूमाई म्हणजे छाया कदम. ‘फँड्री’, ‘सैराट’पासून आपल्या ओळखीच्या झालेल्या या बाईंनी त्याच वर्षी कानमध्ये ग्राँ प्री मिळवणाऱ्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’मध्ये रत्नागिरीची पार्वती केली, आणि तीही केवढ्या ताकदीने. आमच्यातल्या एका वहिनींचं मत पडलं की मंजूमाई जरा भाषण देतात, लेखकाची वाक्यं त्यांच्या तोंडी घातल्यासारखी वाटतात. मला ते निम्मं पटलं. वाक्यं लिहिलेली आहेत हे खरं. पण छायाताई ती बोलताना भजी तळायचं थांबत नाहीत, आणि त्यामुळे ती भाषणं राहत नाहीत. हाताला काम असलेली बाई बोलते तेव्हा ते ऐकण्यासारखं असतं.

रेल्वेतून निवृत्त झालेल्या काकांनी मात्र सगळ्यांना थांबवलं. फलाटावर राहून गेलेल्या, चुकलेल्या बायका-मुलींना त्यांनी नोकरीत पाहिलेलं. फलाटावर राहून गेलेल्या नवरीच्या, फूलच्या, चेहऱ्यावरची भीती त्यांना शंभर टक्के खरी वाटली. तिला भेटलेली सगळी माणसं भली निघाली, हे मात्र मानायला ते तयार नव्हते. सासरच्या गावाचं नाव न सांगता येणाऱ्या मुलीचं काय काय होऊ शकतं, ते त्यांनी फार न फुलवता सांगितलं. चित्रपटाने तो अंधार टाळला, हा त्यांचा आक्षेप. मी त्यावर म्हटलं, की टाळला म्हणून तर तो आजी, सून आणि नात अशा तिघींनी शेजारी बसून पाहिला. काकांना ते पटलं नाही. मलाही माझं उत्तर पुरेसं वाटत नाही. रवी किशनचा लाच खाणारा फौजदार शेवटी सगळं सुरळीत करतो, तिथे लेखकाने सोपा रस्ता धरला असं मला आता वाटू लागलं आहे. हे मत मी त्या बैठकीआधी बाळगत नव्हते.

जयंत दिगंबर सोमलकरांचा ‘स्थळ’ मी नागपूरला जाऊन पाहिला. टोरंटोच्या महोत्सवात २०२३ मध्ये त्याला नेटपॅक पुरस्कार मिळाला होता. आपल्याकडे तो ७ मार्च २०२५ ला लागला. चंद्रपूर जिल्ह्यातलं डोंगरगाव, कापूस पिकवणारा बाप, समाजशास्त्र शिकणारी सविता आणि तिला पाहायला येणारी एकामागून एक मंडळी. नाव, शिक्षण, उंची, तेच प्रश्न पुन्हा पुन्हा. चित्रपट संथ आहे अशी तक्रार मी ऐकली. संथ आहेच. तिसऱ्यांदा तीच खुर्ची, तेच पोहे, तेच प्रश्न आले की आपण कंटाळतो, आणि सविताला तर कंटाळायचीही सोय नाही. सोमलकरांनी कॅमेरा हलवला नाही, संगीत ओतलं नाही, गावातल्याच माणसांकडून काम करून घेतलं. नंदिनी चिकटे या मुलीने सविता केली आहे. अलीकडच्या मराठीतला मला सर्वांत भिडलेला हा अभिनय. सुरुवातीलाच बायकांच्या बैठकीत मुलगा पाहण्याचं स्वप्न आहे. ते जरा लवकर येतं, पुढे आलं असतं तर जास्त लागलं असतं, असं माझं मत.

हे मी आमच्या बैठकीत सांगितलं, तेव्हा बाकीच्यांनी तो पाहिलेला नव्हता. तरी आमच्यातल्या सर्वांत वयस्कर आजींनी बोलायला सुरुवात केली. त्यांना पाहायला आलेल्यांनी चालून दाखवायला सांगितलं होतं, सुईत दोरा ओवून दाखवायला सांगितलं होतं, आणि उत्तर आलं ते आठ महिन्यांनी. घरातल्यांना हे ठाऊक नव्हतं. मी फक्त चित्रपटाची गोष्ट सांगितली होती. ज्या शहरात तो चित्रपट लागलाच नाही, तिथे त्याची निव्वळ गोष्ट एवढं बाहेर काढते, तर तो इथे मोठ्या पडद्यावर लागला तर काय होईल?

आता व्यवहाराचं बोलते. चित्रपट वितरणाच्या धंद्यात देशाचे भाग पाडलेले आहेत, त्यांना सर्किट म्हणतात. त्यातल्या एका सर्किटचं नाव अजूनही ‘सी. पी. बेरार’ आहे. तो प्रांत नकाशावरून केव्हाच गेला, धंद्यातून गेला नाही. नागपूर, अमरावती, अकोला आणि जबलपूर या सर्किटमध्ये एकत्र मोडतात. मध्य भारतातल्या वितरकांच्या आणि थिएटरवाल्यांच्या संघटनेचं, सेंट्रल सर्किट सिने असोसिएशनचं, मुख्य ठिकाण भुसावळ. म्हणजे हिंदी चित्रपटाच्या हिशेबात जबलपूर आणि नागपूर अजून एकाच घरात आहेत. मराठी चित्रपट मात्र नागपूरला पोचला की थांबतो. पुढच्या पावणेतीनशे किलोमीटरसाठी पाहणारे मिळणार नाहीत, असं धरून चाललं जातं. ‘सैराट’ने २०१६ मध्ये शंभर कोटींच्या वर गल्ला केला तेव्हा तो किती अमराठी लोकांनी पाहिला, हे वितरक जाणतात. भाषा कळत नाही म्हणून कुणी उठून गेलं नाही.

आमची मागणी फार नाही. महिन्यातून एका रविवारी सकाळचा एक खेळ, जबलपूरच्या कुठल्याही मल्टिप्लेक्सच्या लहान पडद्यावर. उपशीर्षकं इंग्रजीबरोबर हिंदीतही हवीत, कारण आम्हाला बंगाली आणि सिंधी शेजारी परत बोलवायचे आहेत. तिकिटं आधी विकून देण्याची जबाबदारी आम्ही घेऊ. गोलबाजारच्या दत्त मंदिरात येणाऱ्यांनाच विचारलं तरी निम्म्या खुर्च्या भरतील. खेळानंतर अर्धा तास सभागृह आमच्याकडे राहू द्यावं, बोलायला. या मजकुराचं पत्र भुसावळला पाठवायचं ठरलं आहे. त्यात पहिल्या खेळासाठी मी ‘स्थळ’चं नाव घातलं. रेल्वेवाल्या काकांचा आग्रह ‘दशावतार’चा, कारण एक्याऐंशीव्या वर्षी दिलीप प्रभावळकरांनी उभा केलेला बाबुली मेस्त्री त्यांना मोठ्या पडद्यावरच पाहायचा आहे. आजींना दोन्ही चालतील, पण खेळ सकाळी अकराच्या आधी नको. पत्र अजून वहिनींकडे आहे, नाव ठरलं की जाईल.